काळी एकला जरा कमी

सायकल घरात आली ती थेट बैठकीच्या खोलीत, पियानोच्या शेजारी उभी राहिली. तिथं काकूंची शिवणाची खुर्ची असे. ती खुर्ची आता खिडकीपाशी सरकली होती आणि खिडकीपाशी वारा लागतो हे सूरकाकांना लग्नानंतर इतक्या वर्षांनी ठाऊक असायला हरकत नव्हती.

"पाहुण्याला बसायला जागा द्यावी हे मला मान्य आहे," काकू म्हणाल्या. "पण माझीच?"

"अगं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

"पियानो आणलात तेव्हाही हेच म्हणाला होतात."

सायकल साधीसुधी नव्हती. डोंगर चढायची, जाड दातेरी टायरांची, पेडलांच्या मध्ये मोटार आणि आडव्या नळीत बॅटरी घेऊन बसलेली. जावयानं ती हौसेनं घेतली आणि हौस फिटल्यावर भिंतीला टेकवून ठेवली. एकदा त्यानं सासऱ्यांना सहज विचारलं, "बाबा, तुम्हाला काही उपयोग होईल का हिचा?" जगातले निम्मे उद्योग असे सहज विचारलेल्या प्रश्नांतूनच निघतात. बाकीचे निम्मे देव काढतो, आणि तो कुणाला विचारत नाही.

सूरकाकांना उपयोग होता. तो काय, हे सांगायचं तर आधी त्यांचे कान सांगावे लागतील.

सूरकाकांनी जन्मभर बाजाच्या पेट्या आणि पियानो जुळवले. दुकान सोडलं तरी कान काही निवृत्त झाले नाहीत. वरच्या मजल्यावरचा पंखा कुठल्या पट्टीत फिरतो, शेजारणीची किटली शिटी मारताना कुठून कुठं चढते, हे त्यांना झोपेतही कळायचं. काकू त्यांना म्हणत, "माझा आवाज सोडून घरातल्या सगळ्या वस्तूंचा आवाज तुम्हाला ऐकू येतो." हे खरं नव्हतं. काकूंचा आवाजही ऐकू यायचा. उत्तर तेवढं उशिरा सुचायचं.

त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, गावामागच्या टेकडीच्या माथ्यावर राहत. दोघं भाऊ लहानपणापासून एकत्र गात आले होते. आईनं शिकवलेली देवाची पदं, तिच्याच चालीत. दादांचा गळा, सूरकाकांची पेटी, आणि ध्रुवपदाला दोघांचा आवाज. गेली काही वर्षं दादांचा सूर गाता गाता हळूच खाली बसू लागला होता. तसं झालं की सूरकाका पेटीवरून मान वर करून भुवया उंचावत, आणि दादा विहिरीतून घागर ओढावी तसा आपला सूर वर ओढून घेत. पुढे दादांची नजर अधू झाली आणि कंबर मोडली. कंबर जुळली, पण टेकडी उतरायची त्यांची बात संपली. मग सूरकाका वर जाऊ लागले. आणि एका वर्षी त्यांच्याच छातीनं असहकार पुकारला.

टेकडीवर जायला दोन वाटा. एक पायऱ्यांची, दुसरी वळणावळणाची कच्ची. गाडी पाण्याच्या टाकीपर्यंत जाते, आणि खरा चढ टाकीनंतरच सुरू होतो. मागच्या खेपेला सूरकाका पायऱ्यांनी गेले. पोचले, बाकावर आडवे झाले, आणि दादा जुळवून ठेवलेला तंबोरा नुसताच छेडत राहिले. गाणं राहिलं, नुसता श्वासाचा भाता चालला. "धाकल्या," दादा शेवटी म्हणाले होते, "आज तू भात्याचं काम केलंस. पेटी पुढच्या वेळी आण."

पुढची वेळ काही आली नाही. आणि आता दादांच्या मुलीनं, सूरकाकांच्या पुतणीनं, वडिलांना आपल्या शहरी न्यायचं ठरवलं. महिनाअखेरीला जायचं होतं. शहर लांब, दादांचं वय त्याहून लांब. फोनवर दादा एवढंच म्हणाले, "जायच्या आधी एकदा आईची पदं म्हणू. खोली रिकामी व्हायच्या आत."

तेव्हा सायकलीचा उपयोग हा असा होता. नुसतं वर पोचायचं नव्हतं. वर पोचल्यावर छातीत गाण्यापुरता श्वास शिल्लक राहिला पाहिजे होता.

एवढं साधं कारण. पण कारण साधं असलं म्हणजे माणूस साधेपणानं वागतो, असं थोडंच आहे?

सूरकाकांनी सायकल पहिल्यांदा रस्त्यावर काढली आणि कोपऱ्यावरून परत आणली. "बसणं वाकून होतं," ते म्हणाले. "वाकलं की छाती दबते. दबली की श्वास कमी." तर्कात चूक नव्हती. सायकल गेली चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात. दुकान चालवणारी सायकलवाली त्यांच्या मुलीच्या वयाची. बोटं ग्रीसनं काळी आणि जीभ त्याहून तेल दिलेली.

तिनं हँडल उंच करून दिलं. मग सूरकाकांना आसन टोचू लागलं, तेव्हा रुंद आसन आणि त्याखाली धक्के खाणारी दांडी आली. मग चढासाठी मागचं दातेरी चाक मोठं आलं. ते आल्यावर साखळी लांब लागली. मग दातेरी टायर डांबरावर भुंग्यासारखे गुरगुरतात म्हणून मऊ नक्षीचे आले. प्रत्येक बदलानंतर सूरकाका टेकडीच्या पायथ्यापर्यंत जात, वर बघत, आणि काहीतरी नवीन ऐकून परत येत.

"काका," सायकलवाली एकदा म्हणाली, "लोक सायकल बदलून घेतात चालवायला. तुम्ही चालवता बदलून घ्यायला."

"तयारी नको का नीट?"

"हवी की. आता काय लावू, देव्हारा?"

"स्टँड लाव. दोन पायांचा. मागचं चाक वर उचललं गेलं पाहिजे."

तिनं पाना खाली ठेवला. "डोंगरी सायकलला दोन पायांचा स्टँड? काका, ही टेकवून ठेवायची असते, नाहीतर आडवी टाकायची असते. कुणी बघितलं तर माझं दुकान बंद पडेल."

"मला चाक फिरवून ऐकायचं असतं. आडवी टाकून कसं ऐकू?"

हात जोडून तिनं स्टँड लावून दिला. वर बजावलं, "एक मात्र ऐका. मोटारीला हात लावायचा नाही. मोटार माझी पण नाही आणि तुमची पण नाही. ती कंपनीची."

सूरकाकांनी शब्द दिला. आणि शब्दाचे ते पक्के होते. म्हणूनच पुढचा घोळ झाला.

घरी काकू दिवस मोजत नव्हत्या, पण कॅलेंडर त्यांच्याच शिवणाच्या खुर्चीसमोर होतं. एका सकाळी सूरकाका सायकल स्टँडवर चढवून मागचं चाक पुसत होते.

"तुमचा हा पूर्वरंग किती दिवस चालायचा?" काकूंनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं. "बुवांनी आख्यान लावायच्या आत श्रोते घरी जातील."

"पाया भक्कम नको का?"

"पाया इतका भक्कम झालाय की तुम्ही त्यातच उभे आहात. भाऊजींचा काल फोन आला होता. म्हणाले, धाकला वर येतोय की खालीच मठ बांधतोय?"

सूरकाका चाक पुसत राहिले. बायकोचा टोमणा आणि पावसाची सर, दोन्ही डोक्यावरून जाऊ द्यावी. अंगावर घेतली तर सर्दी होते. पण हा टोमणा डोक्यावरून गेला नाही. तो कुठंतरी छातीच्या मध्यभागी बसला. कारण खरं त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं: चढाची भीती नव्हती. भीती होती ती वर जाऊन पुन्हा बाकावर आडवं होण्याची, शेजारी तंबोरा वाजत असताना. तशी भेट शेवटची म्हणून आठवण्यापेक्षा न झालेली बरी, असं मन रात्री सांगायचं आणि सकाळी सायकलला नवा भाग लागायचा.

"एक काम कर," ते म्हणाले. "हे बटण दाबून धर."

हँडलवर एक बटण होतं. चढावर सायकल हातानं ढकलावी लागली, तर ते दाबून धरलं की मोटार हळूहळू चाक फिरवते आणि ढकलणाऱ्याचा भार हलका होतो. काकूंनी बटण दाबलं. उचललेलं चाक संथ फिरू लागलं आणि मोटारीतून एक बारीक, अखंड गुणगुण निघाली. सूरकाकांनी कान मोटारीशी नेला. मग उठून पेटी उघडली, पहिली काळी पट्टी दाबली, आणि तोंड असं केलं की जणू कुणी त्यांच्या वाटीत खडा टाकला.

"काय झालं?"

"काळी एक."

"बरं मग?"

"काळी एकला जरा कमी. जरासं. हे चढभर कानात घेऊन मी वर जाणार, आणि वर जाऊन तंबोऱ्यावर खरा सूर कुठून लावणार? कान बिघडेल माझा."

काकूंनी बटण सोडलं. "सगळं जग तुमच्या पेटीला जुळवून चालत नाही," त्या म्हणाल्या. "मला तर बरा वाटला आवाज. एखादी म्हातारी जपमाळ ओढत बसावी तसा."

पण सूरकाकांच्या डोक्यात आता एकच ध्यास. मोटारीला हात लावायचा नाही, हा शब्द दिलेला. तो मोडायचा नाही. त्यांनी हात लावलाच नाही, फेल्ट लावलं. पियानोच्या हातोड्यांवर असतं ते दाट लोकरीचं कापड. तार घणघणू नये, सूर गोल निघावा म्हणून. असल्या फेल्टचे तुकडे त्यांच्या पेटाऱ्यात जन्मभर साठले होते. त्यांनी मोटारीचं माप घेतलं, कापड बेतलं, दोन थर केले, आणि काकूंच्याच सुईनं असं बेमालूम शिवलं की शिंपी लाजावा. मोटार मुकाट फिरू लागली. कान लावला तरी नुसता श्वास.

"झालं," ते म्हणाले. "उद्या जातो."

"उद्या उशीर होईल," काकू म्हणाल्या. "सामानाची गाडी आज टाकीपाशी येऊन गेली. उद्या दुपारी भाऊजींना खुर्चीत बसवून खाली आणणार आहेत."

"मग सकाळी जातो."

"मी पायऱ्यांनी येते. सावकाश. तुम्ही पोचाल तोवर मी भाऊजींना बोलण्यात गुंतवते. पोचलात तर."

सकाळ चांगली होती. टाकीपर्यंत सायकल अशी गेली की सूरकाकांना स्वतःचं कौतुक आवरेना. छाती सरळ, आसन मऊ, चाकांखाली वाळूचा आवाज तेवढा. टाकीनंतर चढ सुरू झाला. त्यांनी मोटारीचा जोर वाढवला, पेडल एका लयीत ठेवलं. श्वास जागेवर. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. गाण्याची पहिली ओळ त्यांनी मनातल्या मनात लावून पाहिली. लागली. डावीकडे पायऱ्यांची वाट दिसत होती आणि तिच्यावर काकू, कमरेवर हात ठेवून विसावा घेत. सूरकाकांनी घंटी वाजवली. काकूंनी मान हलवली, पण आनंदानं नव्हे; मूल झाडावर चढताना आई हलवते तशी.

तिसऱ्या वळणावर हँडलवरच्या लहान पडद्यावर एक चिन्ह उमटलं, तापमापकासारखं. सूरकाकांना वाटलं, आज हवा गरम आहे. चौथ्या वळणाच्या आधी मोटारीचा जोर उतरला. पाय एकदम दगडाचे झाले. सायकल थांबली.

सूरकाका उतरले. नवं आसन, नवी दांडी, मोठं चाक आणि लोखंडी स्टँड यांचं वजन त्यांना प्रथमच एकत्र भेटलं. थोडं ढकललं. श्वास तिथंच सांडायला लागला. कठड्यावर बसून त्यांनी सायकलवालीला फोन लावला.

"पडद्यावर काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"तापमापक."

"म्हणजे मोटार तापली. तापली की ती स्वतःच जोर कमी करते. पण इतक्या चढाला तापायला नको होती. तुम्ही काही केलंत का?"

"हात नाही लावला."

"काका."

"थोडं फेल्ट गुंडाळलंय. आवाजासाठी."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती अतिशय सौम्यपणे म्हणाली, "म्हणजे मोटारीला स्वेटर घातलात."

"दोन थरांचा."

"गुंड्या आहेत का? काढा तो. मोटार उघड्या हवेत निवते. अर्धा तास बसा, मग चालवा."

अर्धा तास नव्हता. वर कुणीतरी खुर्चीला दोर बांधत असेल. सूरकाकांनी खिशातल्या चाकूनं स्वतःची सुबक शिवण उसवली. गरम फेल्ट दोन्ही खिशांत कोंबलं. आणि ते बटण दाबलं. जोर उतरला होता तरी ढकलण्यापुरता उरला होता. उघड्या मोटारीनं पुन्हा आपली जपमाळ सुरू केली. काळी एकला जरा कमी. सूरकाका तिच्यामागे झुकून चालू लागले, एका हातानं सायकल, दुसऱ्यानं छाती धरून.

त्यांना राग आला, तो सायकलवर नाही. माणूस देवाच्या भेटीला निघतो आणि वाटेत जोडे पुसत बसतो, तसं झालं होतं. जोडे चकचकीत, आणि दार बंद व्हायची वेळ.

अंगणात ते पोचले तेव्हा काकू उंबऱ्यावर बसून पाणी पीत होत्या. पुतणी दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभी होती. खोली रिकामी होती. भिंतीवर चौकटींचे पांढरे डाग, आणि मधोमध एका खुर्चीत दादा, अंगावर प्रवासाचे कपडे.

सूरकाकांनी तोंड उघडलं. आला तो नुसता भाता. ते दाराशीच सायकलला टेकून उभे राहिले. बटणावरचं बोट सोडायचंही भान नव्हतं.

"काका, बसा आधी," पुतणी म्हणाली. "पण एक सांगते, रागावू नका. तंबोरा काल सामानाबरोबर गेला. बाबा सारखे म्हणत होते, थांबा, धाकला येईल. मलाच वाटलं, आता काय येणार."

सूरकाकांनी मान खाली घातली. येणारच नाही असं तिला वाटलं, ते त्यांनीच तिला शिकवलं होतं, एकेक भाग बदलत.

खोलीतून दादांचा आवाज आला. "हा सूर कोण धरून उभा आहे?"

दादांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी मान एका अंगाला कलती केली होती, तंबोऱ्याच्या खुंटीशी कान नेताना करत तशी.

"बाबा, ती काकांची सायकल आहे," पुतणी म्हणाली. "मोटार आहे तिला."

"असू दे. बंद करू नका. आत आणा."

सायकल आत आली. सायकलवालीला ज्याची शरम वाटत होती तो दोन पायांचा स्टँड लागला, मागचं चाक उचललं गेलं. बटण कुणीतरी दाबून धरायला हवं होतं. सूरकाकांचा एक हात अजून छातीवरच होता. काकूंनी पेला खाली ठेवला, पदराला हात पुसले, आणि हँडलशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आयुष्यात एकदा तरी तंबोऱ्यावर बसायचं होतं," त्या म्हणाल्या. "उभ्यानं बसायला लागेल असं वाटलं नव्हतं."

चाक फिरू लागलं. रिकाम्या खोलीत ती गुणगुण भिंतींना लागून परत आली, आणि गोल झाली. फेल्टनं जे केलं नव्हतं ते मोकळ्या भिंतींनी केलं.

दादांनी डोळे मिटले आणि आईचं पद उचललं.

सूरकाका बाकाअभावी जमिनीवर बसले होते, भात्यासारखे हलत. सवयीनं त्यांच्या भुवया वर जायच्या तयारीत होत्या. दादांचा सूर आता बसेल, मग खुणावायचं. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. सूर बसला नाही. तो जिथं गेली काही वर्षं जाऊन बसत होता, तिथूनच त्यानं आज सुरुवात केली होती. काळी एकला जरासा खाली, बरोबर तिथं, जिथं ही मोटार उभी होती. वर ओढायला काही उरलंच नव्हतं. दादा इतके मोकळे गात होते की सूरकाकांना कळेना, आपण इतकी वर्षं भुवयांनी काय ओढत होतो.

ध्रुवपद आलं. सूरकाकांच्या छातीत अजून भाता होता. त्यांनी अर्धी ओळ घेतली, फाटकी. दादांनी उरलेली अर्धी घेतली. पुढच्या वेळी पाऊण ओळ आली. तिसऱ्यांदा दोघं मिळून शेवटापर्यंत गेले, आणि कुणाचा श्वास कुठं संपला हे पुतणीला काही ओळखू आलं नाही. ती किल्ल्या मुठीत धरून भिंतीला टेकली होती.

"आणखी एक म्हणा," काकू म्हणाल्या. "माझं बोट दुखायला लागलंय, पण म्हणा."

त्यांनी आणखी म्हटली. किती, ते कुणी मोजलं नाही. खुर्चीला दोर बांधणारे अंगणात येऊन थांबले, त्यांनी टोप्या काढून हातात घेतल्या आणि तसेच उभे राहिले.

खाली न्यायच्या आधी दादांनी हात पुढे करून सायकल चाचपली. उंच हँडल, रुंद आसन, खालची दांडी, घंटी.

"बरीच सजवलीस रे."

"तुझ्यासाठीच, दादा. वर आल्यावर गाता यावं म्हणून."

"आणि तरी धापा टाकतच आलास."

"हो."

"बरं झालं. मीही हल्ली तसाच गातो." दादा हसले. मग त्यांचा हात सूरकाकांच्या फुगलेल्या खिशापाशी अडला. "हे काय ऊबदार?"

"मोटारीचा स्वेटर," काकूंनी परस्पर सांगून टाकलं.

दादांनी ते फेल्ट मागून घेतलं आणि दुखऱ्या कमरेमागे खुर्चीत नीट बसवलं. "ह्याचा उपयोग आहे," ते म्हणाले. "टेकडी उतरताना दगड लागतात."

खुर्ची उचलली गेली. सूरकाका सायकल हातात धरून तिच्यामागे उतरू लागले. उताराला बटण दाबायची काही गरज नव्हती. चौथ्या वळणावर काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पुढच्या महिन्यात भाऊजींकडे जायचं ना आपण? आगगाडीनं?"

"हो."

"गाडीत काही बदल करून घ्यायचा असेल तर आत्ताच सांगा."

सूरकाकांना उत्तर सुचलं, आणि या वेळी उशीर झाला नाही. त्यांनी बटण दाबलं, आणि त्या जरा कमी सुरातच आईच्या पदाची पहिली ओळ उचलली.